बाबांची काडतुसं

रमेशमामाने बोटीवरून येताना रेकॉर्ड प्लेअर आणला तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न होता, "ह्या ठेवूचा खय?" प्रश्न अगदी रास्त होता. लालबागच्या आमच्या खोलीत आई, बाबा आणि मी असे तिघं राहायचो, पण गावाहून कोणी ना कोणी आलेलं असायचंच, त्यामुळे तिघांची पाच माणसं कधी व्हायची ते कळायचं नाही. भिंतीला एकच लांब फळी. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या, कोकमांचा डबा आणि मे महिन्यात कुटून आणलेल्या मसाल्याची मोठी काचेची बरणी. आईचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाबांनी त्या सगळ्या बरण्या कॉटखाली सरकवल्या, फडक्याने फळी पुसली आणि मामाच्या मदतीने तो प्लेअर, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर अगदी देव मांडावेत तसे मांडले. त्यानंतर कित्येक वर्षं लोणचं काढायला वाकली की आई आपल्या सख्ख्या भावाचा उद्धार करायची.

सगळं मांडून झाल्यावर लक्षात आलं की प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला, जिथे सुई असायला हवी, तिथे काहीच नाही. चार रंगांच्या चार बारीक तारा तेवढ्या लोंबत होत्या. मामा म्हणाला, "अरे, ता वाटेत फुटला. काय विशेष नाय. कार्ट्रिज म्हणतत त्येका. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल." सुई तबकडीवर फिरते आणि नखाएवढं ते कार्ट्रिज तिची थरथर विजेत बदलतं, एवढं त्याने मला समजावलं, आणि दोन दिवसांनी तो आपल्या बोटीवर निघून गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. बाबांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "म्हणजे काडतूस." तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूला काडतूसच म्हणत. शेजारच्या पेडणेकर काकूंनी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं की सावंत नवीन काडतूस आणायला निघालेत, आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन आईला विचारायला आल्या की गावच्या जमिनीवरून काही भांडण झालंय का.

बाबा गिरणीत साळखात्यात होते. साळखातं म्हणजे जिथे कापड विणलं जातं ते खातं, आणि तिथला आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही, ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथे माणसं एकमेकांशी हातांच्या खुणांनी आणि तोंडाच्या हालचाली बघून बोलत. बाबांना त्याचा अभिमान होता. समोरच्या चाळीच्या गॅलरीत दोघी बायका काय बोलताहेत ते आमच्या खिडकीतून सांगायचे, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. उलट, त्यांच्या पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. दोनदा, तीनदा मारली तरी नाही. आम्ही समजायचो की हा त्यांचा स्वभाव. मनात नसलं की ऐकायचं नाही. मला त्याचा लहानपणापासून इतका राग यायचा की मी मोठी झाल्यावर त्यांना हाक मारणंच सोडून दिलं, समोर जाऊन उभी राहायचे.

आमच्या गल्लीत सकाळपासून मसाल्याच्या डंखाची धडधड चालायची. लोखंडी मुसळं वरून खाली मिरच्यांवर आपटायची आणि पहिल्या मजल्यावर आमच्या कॉटखालच्या बरण्या किणकिणायच्या. त्या धडधडीवर मात करणारी एकच गोष्ट चाळीत होती, ती म्हणजे आमच्या आईचा आवाज. "जेवूक येवा!" असं ती बाबांना त्याच खोलीत बसून म्हणायची आणि खालचा किराणावाला वर बघायचा. माझ्या कॉलेजातली दादरची मैत्रीण एकदा घरी आली होती, ती जाताना मला म्हणाली, "शुभा, तुझी आई चिडली होती का गं माझ्यावर?" मी काय सांगणार? आई तिला घावणे वाढत होती आणि बाबांना चटणी हवी का ते विचारत होती, एवढंच झालं होतं.

दर शनिवारी चाळीच्या भजनात बाबा टाळ वाजवायचे. गावाहून आणलेला जड काशाचा टाळ होता तो, त्यांच्या वडिलांचा. प्लेअर आला त्याच आठवड्यात त्यांनी चोरबाजारातून एक भजनांची जुनी रेकॉर्ड शोधून आणली. काडतूस नव्हतं तरी तबकडी हातात धरून उजेडात तिरकी करून बघत बसायचे.

पहिलं काडतूस आणायला ते मला घेऊन गेले, कारण खोक्यात आलेला कागद इंग्रजीत होता. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार मनुभाई यांनी तो वाचला, दांड्याचं वजन हातावर तोलल्यासारखं केलं आणि एक कार्ट्रिज काढून दिलं. वर म्हणाले, "काका, घेऊन जा, ऐका. नाय पसंत पडला तर बदलून देते." हे वाक्य त्या माणसाने का उच्चारलं असेल, असं मला पुढे अनेकदा वाटलं, आणि त्यालाही वाटलं असणार. घरी येऊन मी चिमट्याने चारी तारा जोडल्या, स्क्रू पिळले, मागचं वजन सरकवून दांडा कागदात सांगितल्याप्रमाणे तोलला. डंख बंद व्हायची वाट बघितली. मग सुई टेकवली. पेटी आली, मृदंग आला, बुवांचा आवाज असा आला की पेडणेकर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मला तर वाटलं, झालं, जिंकलं. बाबा डोळे मिटून बसले होते. कडवं संपलं तसे डोळे उघडून म्हणाले, "टाळ खय?"

"वाजतोय की, बाबा."

"खटखट वाजतासा. नाद खय? टाळ म्हणजे काय दोन वाट्यो आपटूच्यो?"

तिथून ते सुरू झालं. आगपेटीत कापूस घालून, त्यात ते काडतूस झोपवून मी कॉलेज सुटल्यावर लॅमिंग्टन रोडला जायचे, दुसरं घेऊन यायचे, तारा जोडायचे, वजन तोलायचे, आणि बाबा म्हणायचे, टाळ खय. दुसऱ्याने बुवांचा आवाज मऊ झाला, टाळ नाही. तिसऱ्याने पेटीचे भातेसुद्धा ऐकू येऊ लागले, टाळ नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण त्यांनी पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. मग दोष सुईच्या वजनाला गेला आणि त्यांनी दांड्याच्या टोकावर चार आण्याचं नाणं चिकटवलं. मग दोष डंखाला गेला. मग तारांना. शेवटी माझ्या हाताला. "तू घाईघाईत जोडतंस," ते म्हणाले. माझी परीक्षा तोंडावर आली होती आणि मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं टाकून, खिडकीशी उजेडात बसून केसाएवढ्या तारा ओढत होते. मी चिमटा फळीवर टाकला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत आई आपल्या त्या आवाजात म्हणत होती, "पोरीक छळू नका! त्या यंत्राक एकदा उचलून गल्लीत टाका!"

हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. माझ्या चुलत बहिणीची मुलगी हल्ली मोबाईलवर कार्ट्रिजची माहिती वाचत बसते. तिनेही घरी टर्नटेबल घेतलाय. लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात, कुठल्याचा आवाज उबदार, कुठल्याचा थंड. ती मला विचारते, "मावशी, तुमच्याकडे कुठलं होतं गं?" मी म्हणते, "सगळी होती."

शेवटी मनुभाईच कंटाळले. मी आगपेटी काउंटरवर ठेवली तेव्हा त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "बेटा, आता बाबांना घेऊन ये. मी समोर बसवून ऐकवते. मग काय तो फैसला." मी घरी येऊन तसं सांगितलं. बाबांना ते आव्हान वाटलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वच्छ सदरा घातला आणि खुंटीवरचा टाळ काढून पंच्यात गुंडाळून पिशवीत टाकला. "तो कशाला?" मी विचारलं. "त्येका म्हायत नाय टाळ म्हणजे काय ता. दाखवतंय."

दुकानाच्या मागे गिऱ्हाइकांना ऐकवायची एक छोटी खोली होती. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, खाली जाड सतरंजी. दार लावलं तशी रस्त्यावरची सगळी गडबड बंद झाली आणि माझ्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. मनुभाईंनी दुकानातलं सगळ्यात भारी कार्ट्रिज लावलं आणि आमचीच रेकॉर्ड चढवली. मी अंगावर काटा येऊन ऐकत राहिले. टाळाचा प्रत्येक ठोका वेगळा येत होता, आणि त्यामागे त्याचा नाद लांब ओढल्या जाणाऱ्या रेशमी दोऱ्यासारखा जात होता. मी बाबांकडे बघितलं. ते मान हलवत होते. नाही.

मनुभाईंनी सुई उचलली. "काका, याच्यावर माझ्याकडे काय नाय. तुम्हाला पाहिजे तो आवाज तरी कसा असते, सांगा."

बाबा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून टाळ काढला, दोऱ्या बोटांत अडकवल्या. "सांगत नाय. वाजवून दाखवतो." आणि एकच ठोका दिला. दोन्ही झांजा हवेत मोकळ्या धरल्या. खोली त्या नादाने भरून गेली. "ऐका," बाबा म्हणाले, "आता ह्यो कसो लांब जाता..." मान तिरकी करून ते क्षणभर थांबले. मग त्यांनी हात खाली केले. "झाला. येवढा तरी नको?"

टाळ वाजतच होता. त्यांच्या हातात, त्यांच्या मांडीजवळ, स्पष्ट वाजत होता.

मनुभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "काका, अजून वाजते."

"काय?"

"टाळ. अजून वाजते."

बाबा हसले. त्यांना वाटलं शेठ मस्करी करतोय. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. तोंडं वाचणारा माणूस तो, माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असणार. त्यांनी एक झांज कानाशी नेली. "खय?" तोवर नाद खरंच विरला होता. त्यांनी पुन्हा ठोका दिला. या वेळी ते टाळाकडे बघत नव्हते. ते आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, माझ्या आणि मनुभाईंच्या, नाद कधी संपतो ते आमच्या डोळ्यांवरून कळावं म्हणून. बराच वेळ बघत राहिले. मग टाळ पंच्यात गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल." मनुभाई चहा मागवत होते. आम्ही थांबलो नाही.

बसच्या रांगेत उभं न राहता ते चालतच सुटले आणि मी त्यांच्या मागे. नागपाडा गेलं, भायखळा गेलं. मला खरं म्हणजे रडू यायला हवं होतं, पण येत होता तो रागच. कोणावर, ते कळत नव्हतं. काडतुसांवर, गिरणीवर, स्वतःच्या त्या चारही तारा नीट जोडणाऱ्या हातांवर. चिंचपोकळीच्या पुलावर ते कठड्याला हात लावून थांबले. खालून गाडी धडधडत गेली. ती जाऊ देऊन म्हणाले, "आमच्या खात्यात सगळ्यांका असाच होता. जुने लोक तर ठार भयरे. माका वाटलेला, मी सुटलंय."

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. त्यांना ते ऐकू गेलं नसावं, कारण मी त्यांच्या बाजूला उभी होते, समोर नव्हते.

घरी आई बांगड्याचं तिखलं करत होती. तिरफळांचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाबा टाळ खुंटीला अडकवून थेट गॅलरीत गेले. मी आईजवळ बसले आणि दुकानात काय झालं ते कुजबुजत सांगितलं. तिने चुलीवरून नजर काढली नाही.

"माका म्हायत हा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू शाळेत जाऊक लागलंस त्याच्या आधीपासून. तुका काय वाटला, माका ओरडूची हौस हा?"

ती हे अगदी हळू बोलली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा खोलीत नसले की ती नेहमी हळूच बोलते. तिचा आवाज मुळात बारीक आणि गोड होता. ते मी एकोणीस वर्षं त्याच खोलीत राहून ऐकलं नव्हतं.

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून कान परत येतले काय?" तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "त्येंका समोर जाऊन सांगतंय, मोठ्यान सांगतंय, त्येंचा भागता. तुमी ह्या यंत्र आणलात आणि घात केलात."

पुढे कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, बारीक आणि उंच आवाज गेलेत, ते काही परत यायचे नाहीत. पण ते नंतर. त्या वेळी झालं ते इतकंच, की बाबा गप्प झाले. प्लेअरवर आईने जुन्या साडीचा तुकडा टाकला. शनिवारी चाळीच्या भजनातले बुवा बोलवायला आले तेव्हा बाबांनी पाठ दुखतेय म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारीही पाठच दुखली. त्याच्या पुढच्या शनिवारी बुवा आलेच नाहीत. खाली भजन सुरू झालं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून निजले. निजलेल्या माणसाला बघून इतकं चिडलेलं मी कोणाला पाहिलं नाही, जितकी आई त्या संध्याकाळी चिडली. तिने भाकरीचं पीठ परातीत आपटलं, भांडी आपटली, आणि ते काही हलत नाहीत असं बघून मला म्हणाली, "उद्या त्या मनुभाईकडे चल."

आई लॅमिंग्टन रोडला जन्मात गेली नव्हती. हिरवी साडी नेसून, पदर खोचून ती दुकानात शिरली आणि सवयीने, बाबांशी बोलायच्या आवाजात, तिने विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात कर्कश काडतूस कुठला हा?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मनुभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांना समजलं. "बेन, लोक उलटा मागते. गोड दाखवा, गोड दाखवा."

"गोड माका नको. जा कोणाक नको ता देवा."

ते खाली वाकले आणि काउंटरच्या तळाच्या खणातून एक डबी काढली. दोघांनी नेऊन परत आणलेला पीस होता. मागच्या खोलीत त्यांनी तो लावून ऐकवला. गायकाने 'स' म्हटला की तव्यावर पाणी पडल्यासारखं व्हायचं, आणि सारंगी म्हणजे पातेलं घासल्यासारखी. आईने दोन्ही कानांवर हात ठेवले, तोंड वाकडं केलं आणि ओरडून म्हणाली, "ह्याच! ह्याच देवा!"

रविवारी दुपारी डंख बंद असायचा. मी साडीचा तुकडा काढला, खिडकीशी बसून चारी तारा जोडल्या. बाबा भिंतीला टेकून पेपर धरून बसले होते, वाचत नव्हते. आईने तो पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला. मी सुई टेकवली आणि खोलीत जणू कोणी पत्रा कापायला घेतला. पलीकडे पेडणेकर काकूंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. माझे दात आंबले. बुवांचा तो भरदार आवाज कुठल्या कुठे गेला होता, राहिलं होतं ते नुसतं सी सी आणि चर चर. आई पदराचं टोक दातांत धरून उभी होती. मी बाबांकडे बघत होते.

आधी काही झालं नाही. मग त्यांच्या गुडघ्यावरचं एक बोट हललं. मग हात. त्यांनी हळूहळू डोळे मिटले आणि हवेत, न दिसणाऱ्या टाळाने, ते ठेका धरायला लागले. आईने पदर दातांतून सोडला होता. कडवं संपलं, दुसरं आलं, तेही संपलं. एक बाजू पूर्ण वाजली. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, काही विचारलं नाही. सुई तबकडीच्या मध्यावर जाऊन खरखरायला लागली तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

"टाळ," ते म्हणाले. "येता. बारीक येता, पण येता."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुई उचलून बाजूला ठेवली.

"पण वाजवणारो कच्चो हा," बाबा म्हणाले. "हर समेक मागे पडता. मी यंत्राक नावं ठेवी होतंय, आणि चूक ह्या मेल्याची."

आईने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, डोळे पुसले. मग कधीही त्या यंत्राला बोट न लावलेली माझी आई उठली, मला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी तबकडी उचलून दुसरी बाजू वर केली आणि दांडा धरून सुई तिच्यावर आपटली. खाडकन आवाज झाला. बाबा दचकले.